मोकळ्या हवेची पदवी

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत. तिची खरी नणंद एकच, तीही तिला वहिनीच म्हणे, आणि पहिल्या दिवशी ती नणंदच तिला कामाला लावायला घेऊन आली होती, म्हणून ते नाव तिथेही चिकटलं. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, पण मनगटं पुरुषासारखी. डबलबेडची चादर रोलरमधून गरम गरम बाहेर आली की घडी घालायला दोन बायका लागतात. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, ताणायचं, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. वहिनी हे एकटीनं करायची. दोन टोकं हनुवटीखाली, दोन हातात, मधला भाग गुडघ्यानं उडवून अशी काही झटक्यात दुमडायची की नवीन आलेल्या पोरी बघत राहायच्या.

तिच्या जोडीला असलेली चष्मेवाली दरवेळी चिडायची. "अगं, मी काय मेले का? धर म्हणालीस तर धरीन ना!"

"तू तुझी कर," वहिनी म्हणायची. "माझं होतं."

"होतं गं. पण तुझ्यामुळे मुकादमीण आम्हालाही म्हणते, ती बघा एकटी करते. उद्या दोघींच्या जागी एक ठेवील."

वहिनी हसायची नाही. तिला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण एखाद्याला धर म्हणणं तिच्या जिभेवरच यायचं नाही. त्याला कारण होतं, आणि ते तिच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी लावलेल्या खाटेवर पडलेलं होतं.

नवरा इमारतींना रंग देणारा. परांचीवरून पडला तेव्हा मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. जीव वाचला, पण छातीच्या खाली काही उरलं नाही. हात थोडे हलतात, मान हलते आणि तोंड तर दुप्पट चालतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तिचा फिकट हिरवा रंग त्यानंच दिलेला. आता तिला पोपडे सुटलेत. रोज सकाळी तो भिंतीची तब्येत सांगतो. "आज डाव्या कोपऱ्यातला एक पडला बघ. मालकाला सांग, गॅरंटी संपली. माझी पण आणि रंगाची पण."

सुरुवातीला माणसं यायची. त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे जिना, आणि लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर, समोरचे दोघे भाऊ, खालचा केशकर्तनालयवाला, असे चौघं खुर्चीसकट त्याला खाली न्यायचे. वहिनी हाक मारायची आणि माणसं यायची. एकदा संध्याकाळी ती दळण घेऊन जिना चढत होती. वरच्या वळणावर ड्रायव्हरची बायको कुणाशी तरी बोलत होती. "यांच्या पाठीची वाट लागली हो. एक दिवस असेल तर ठीक. हे आता रोजचंच झालंय." बोलण्यात दुष्टपणा नव्हता. थकलेली बाई थकलेल्या आवाजात बोलत होती, एवढंच. पण वहिनी पिशवी धरून तिथेच उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं कुणाला हाक मारली नाही. डॉक्टर घरी येईल तेव्हा येईल आणि नाही आला तर नाही. कुशीवर वळवणं, उचलून बसवणं, कपडे बदलणं, सगळं ती करू लागली. आणि ती कामावर गेली की मुलगी.

मुलीनं आधी पाय धरले, मग कंबर, मग अख्खा बाप. दहाव्या-अकराव्या वर्षापासून ती त्याला एकटी उचलते. डावा हात त्याच्या काखेत, उजवा गुडघ्याखाली, आपली मांडी खाटेच्या कडेला टेकवायची आणि एका दमात त्याला स्वतःच्या अंगावर घ्यायचं. त्या क्षणी तो दरवेळी ओरडतो, "मेलो, मेलो! थांब गं बाई, मेलो!" पोरगी हसते आणि थांबत नाही. मग तो उशीला टेकून म्हणतो, "हमालबाई, हमाली किती झाली?" हा त्यांचा रोजचा तमाशा. वहिनीला पलीकडच्या खोलीत ऐकू आला की बरं वाटायचं. घरात निदान हसू आहे.

त्या घरातून पोरगी कधी सहलीला गेली नव्हती. शाळेची सहल निघाली की "तुझ्या बाबांना कोण बघणार" हे कुणी म्हणायच्या आधीच ती म्हणायची, मला नाही जायचं. तिची आवडती जागा गच्ची. बापाच्या चादरी वाळत घालायला जायची आणि तासभर यायची नाही.

शेवटच्या वर्षी शाळेच्या सभागृहात कॉलेजांनी आपापली टेबलं मांडली. नर्सिंगच्या टेबलाशी गर्दी, हिशेबनिसाच्या टेबलाशी गर्दी. एका कोपऱ्यात कुणी तरी खराखुरा तंबू उभा केला होता आणि त्यात कुणीच जात नव्हतं. ही आत जाऊन बसली. बसूनच राहिली. घरी आली ती एक रंगीत पुस्तिका घेऊन. त्यावर लिहिलं होतं : मैदानी मनोरंजन आणि निसर्ग पर्यटन, तीन वर्षांची पदवी, वसतिगृह सक्तीचं.

रविवार होता. आत्या, म्हणजे वहिनीची ती नणंद, भावाला भेटायला आली होती. तिनं पुस्तिका हातभर लांब धरून वाचली.

"म्हणजे फिरायची पदवी?" आत्या म्हणाली. "आमच्या वेळी फिरणाऱ्या पोरींना लोक वेगळीच पदवी द्यायचे, आणि ती फुकट मिळायची!"

खाटेवरून खो खो हसणं आलं. "ताई, बरोबर! हिला माझ्याकडून मिळाली असती, हिंडफिरी बी. ए."

"बाबा, ऐका तर," पोरगी म्हणाली. "नकाशा शिकवतात. हवामान शिकवतात. नदी कुठून ओलांडायची, जखमीला कसं आणायचं, माणसं नेली तर जंगलाचं वाटोळं कसं होऊ द्यायचं नाही, सगळं. मग शिबिरांत, अभयारण्यांत, हॉटेलांत नोकरी मिळते."

"हॉटेलात तर तुझी आई आहेच," आत्या म्हणाली. "नर्सिंग घे गं. सरकारी दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. तुला काय शिकवायचं तिथे? अर्धी नर्स तू आत्ताच आहेस. आणि घरही सुटत नाही."

"मला आजारी माणसं नकोत, आत्या."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं खाटेकडे पाहिलं. बाप समोरच्या भिंतीकडे बघत होता. "बघ," तो म्हणाला, "त्या तिसऱ्या खिडकीखाली पण फुगलाय."

वहिनी चहाचे कप विसळत होती. पर्यटन म्हणजे काय हे तिला चादरींवरून ठाऊक होतं. वाळू, चिखल, पायाला लावलेलं मलम, उन्हाचं तेलकट क्रीम. माणसं बाहेर जातात आणि बाहेरचं सगळं अंथरुणात आणून टाकतात. त्यासाठी पदवी असते हे तिला आज कळत होतं. पण तिचं मन तिथे नव्हतं. ते एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं. हिला जाऊ द्यायचं म्हणजे काखेत हात घालणारं कोण? आपली पाठ आता पूर्वीची नाही. आपण घरी बसलो तर खायचं काय? याला कुठल्या आश्रमात ठेवलं तर हा तिथे कुणाला भिंतीच्या गोष्टी सांगणार?

"आई, तू बोल ना," पोरगी म्हणाली.

"परीक्षा तर दे आधी," वहिनी म्हणाली. "पुढचं पुढे."

तिनं हो म्हटलं असं पोरीला वाटलं. नाही म्हटलं असं आत्याला वाटलं. वहिनीला स्वतःला काय वाटलं ते तिनं कप फडक्यानं पुसून टाकलं.

लेखी परीक्षा पोरगी पास झाली. मग मैदानावरच्या निवडीचं बोलावणं आलं. त्यात काय काय असतं ते तिनं शोधून काढलं होतं : चढण चढणं, दोरीची गाठ, गटानं काम आणि जखमीला वर आणणं. शेवटचं ऐकून बाप खूश झाला. "मग काय, मी आहे ना! असा तयार जखमी कुठे मिळणार नाही. घे, कर सराव." त्या महिन्यात तिनं त्याला कितीदा उचललं याला गणती नाही. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून जमिनीवर, जमिनीवरून खाटेवर. आणि दरवेळी "मेलो, मेलो, थांब!" पोरीच्या दंडाला गोळे आले. वहिनी दारातून बघायची. तिच्या मनात येई, ही पास होणार. आणि लगेच दुसरं मन म्हणे, होऊ नये. मग ती देवाशी नाही, तर स्वतःशीच भांडत स्वयंपाकघरात जाई.

निवडीच्या दिवशी तिनं रजा घेतली. आत्या सकाळीच येऊन खाटेशी बसली.

"दुपारी एकदा कुशीवर वळवायचं," वहिनीनं सांगितलं. "जमेल ना?"

"तू जा गं. सख्खा भाऊ आहे माझा."

"सख्खा आहे, पण जड आहे," खाटेवरून आवाज आला.

कॉलेज गावाच्या कडेला होतं. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. पुढे एक उतार, उताराच्या तळाशी झाडं, आणि वर मैदान. आईबापांसाठी पत्र्याची शेड आणि बाकं. वहिनी बाकाच्या टोकाला बसली. शेजारी कोट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा तीन डोंगर चढून आला होता आणि ते त्या तिन्हींची उंची सगळ्यांना सांगत होते.

पोरगी सगळ्यांत शेवटी चढण चढली, पण चढली. गाठ तिनं नीट बांधली. मग गट पाडले. उन्हानं रापलेल्या, कापलेल्या केसांच्या एक बाई तिथल्या शिक्षिका होत्या. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, ते शेडपर्यंत ऐकू आलं. "खाली उतारावर एक जण पडलाय. उजवा पाय मोडलाय असं समजा. स्ट्रेचर इथे आहे. गटानं त्याला वर आणायचं. एक नियम. कुणीही थांबा म्हणालं, जखमी म्हणाला तरी, तर सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. कळलं?"

कळलं, असं सगळे एका सुरात म्हणाले. पोरगीही म्हणाली.

जखमी म्हणून त्यांचाच दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी झाडाखाली आडवा पडला होता. पहिला गट खाली गेला, बराच वेळ नुसता भांडला, पट्टे उलटे लावले, जखमी थांबा म्हणाला तिथे तीनदा थांबला आणि गोगलगायीसारखा वर आला. कोटवाले गृहस्थ म्हणाले, "मरेल की हो तोवर माणूस." सगळे हसले. वहिनीही हसली.

मग पोरीचा गट. पाच जणं स्ट्रेचर उघडत होती, एकमेकांना तू इकडे धर, तू तिकडे धर सांगत होती. पोरीनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ती जखमीपाशी गेली. गुडघ्यावर बसली. डावा हात काखेत, उजवा गुडघ्याखाली. वहिनी बाकावरून अर्धवट उठली. आपल्या खोलीत, खाटेच्या कडेला रोज दिसणारी ती ओणवी पाठ इतक्या उजेडात तिनं कधी पाहिली नव्हती. आणि पोरीनं उचललं. तिच्याहून वीतभर उंच मुलगा एका दमात तिच्या अंगावर आला.

"अगं, पाय! थांब!" तो ओरडला. "थांब, थांब! आई गं, मेलो!"

गटातली मुलं जागच्या जागी थबकली. पोरीच्या तोंडावर हसू आलं, घरी येतं तेच. ती दोन पावलं चढली, वळली, त्याला स्ट्रेचरवर अलगद ठेवलं आणि पट्टा आवळला. बाकीच्यांच्या हातात अजून दुसरा पट्टा तसाच होता.

शेडमध्ये कुणी तरी टाळी वाजवली. ती वहिनीच होती.

"तुमची का?" कोटवाले म्हणाले. "पैलवान आहे."

"माझीच," वहिनी म्हणाली. बऱ्याच वर्षांत असं अंगावर मूठभर मांस चढलं नव्हतं. त्या क्षणाला ती खाट विसरली, पाठ विसरली, सगळं विसरली. जाऊ दे हिला, तिला वाटलं. अशी पोरगी घरात कोंडून ठेवायची म्हणजे पाप.

दुपारी निवडलेल्यांची नावं वाचली. पोरीचं नव्हतं. पुन्हा एकदा वाचा, असं म्हणायला वहिनी पुढे निघाली तेवढ्यात त्या शिक्षिकेनंच दोघींना बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे सामानाच्या खोलीत. भिंतीवर दोऱ्या टांगलेल्या, खाली घडी घातलेले तंबू.

"तू हसलीस का?" त्यांनी पोरीला विचारलं.

पोरीला प्रश्न कळला नाही.

"तो थांब म्हणत होता. तू हसत होतीस."

"ते... बाबा पण असंच ओरडतात," पोरगी म्हणाली.

शिक्षिकेनं वहिनीकडे पाहिलं. मग वहिनीनं काय ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, जसं ती कुणालाही सांगायची : पडले, छातीखाली काही नाही, ही करते सगळं. शिक्षिका ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मऊ झाला, पण सैल झाला नाही.

"आणि ते थांब म्हणतात तेव्हा तू थांबत नाहीस?"

"थांबले तर उचलणार कोण?" पोरगी म्हणाली.

"आज पाच जणं होती तिथे."



"पण बाई, उचललं ना तिनं!" वहिनी म्हणाली. "बाकीच्यांना पट्टा लावता येईना. हिनं एकटीनं..."

"एकटीनंच तर," त्या म्हणाल्या. "त्याचा पाय खरंच मोडला असता तर हाड बाहेर आलं असतं. आणि हिचा पाय घसरला असता तर आम्हाला एकाऐवजी दोघांना आणावं लागलं असतं. ताकद आम्ही वाढवून घेऊ शकतो हो. नाही तर दोरी आहे, चाक आहे. पण ही कुणाकडे बघतच नाही. कुणाला धर म्हणत नाही. असं माणूस डोंगरात न्यायला मला भीती वाटते." मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी आहे. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. अशीच येणार असशील तर मात्र येऊ नकोस."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. पोरीनं खिडकीकडची जागा आईला दिली होती. सुटले, असं वहिनीला वाटत होतं. पोरगी घरी राहणार. उद्या कामावर जाता येणार. शेजारी पोरगी तळहात उलटे करून बघत बसलेली, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, याची तिला शिसारी आली. पण वाटायचं ते वाटतच होतं.

"नर्सिंगचे अर्ज उद्यापर्यंत घेतात ना?" पोरीनं विचारलं.

"हं."

"भरते मग."

आता काही तरी बोलायला हवं, असं वहिनीला वाटलं. "ऊन लागलं का गं तुला?" ती म्हणाली.

"नाही."

घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत्या दारातच उभी. केस विस्कटलेले, पदर खोचलेला. "मला नाही जमलं बाई. दोनदा प्रयत्न केला. एकटीला कसं जमणार? सकाळपासून तसाच पडलाय आणि अंथरूण पण..."

"मग हाक मारायची कुणाला तरी!"

"तूच म्हणतेस ना, कुणाला बोलवायचं नाही? मागे मी ड्रायव्हरला हाक मारली तर आठ दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी!"

वहिनी आत गेली. खोलीत वास भरला होता. तो सकाळी होता तसाच, त्याच कुशीवर. तोंड भिंतीकडे.

"आली का हमालबाई?" त्यानं विचारलं. "घेतलं का कॉलेजात?"

"नाही," पोरगी म्हणाली आणि बूटही न काढता खाटेशी गेली.

"का? त्यांच्याकडे हमाल जास्त झाले?"

ती चादर काढता काढता सांगू लागली. सरळ, काही न लपवता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. जखमी ओरडला, थांब थांब, मेलो. मला वाटलं नाटक करतोय. मी हसले. त्या बाई म्हणाल्या, थांब म्हटल्यावर थांबत नाही ती मुलगी नको.

बाप हसायला लागला होता. हसू मध्येच थांबलं. रेडिओची वीज जावी तसं.

"मेलो म्हणाला तो?"

"हो. अगदी तुमच्यासारखं."

तिनं डावा हात त्याच्या काखेत घातला, उजवा गुडघ्याखाली. मांडी टेकवली आणि उचलायला लागली. वहिनी पायाशी स्वच्छ चादर घेऊन उभी होती. तिच्या कानांनी सवयीनं त्या ओरडण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. तिनं वर पाहिलं. नवऱ्यानं तोंड उघडलं होतं, पण आवाज गिळून टाकला होता. दात एकमेकांवर घट्ट, डोळे मिटलेले, कपाळावर पाणी. इतक्या वर्षांत त्या क्षणी त्याच्या तोंडावर नेहमी आरडाओरडा असायचा. त्याच्या खालचा चेहरा ती आज पहिल्यांदा बघत होती.

"थांब," वहिनी म्हणाली. "अगं, थांब! ठेव त्यांना."

पोरीनं ठेवलं. हात तसाच काखेत राहिला.

"अहो, दुखतंय तुम्हाला?"

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मी काय विचारतेय?"

"खांदा," तो म्हणाला. "डावा. तिथवर जिवंत आहे ना मी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"आणि सांगितलं का नाही?"

"सांगत होतो की," तो म्हणाला. "रोज."

आत्यानं तोंडाला पदर लावला. पोरीनं काखेतला हात हळूच, अगदी हळूच काढला, जसा झोपलेल्या बाळाच्या मानेखालून काढतात, आणि तो आपल्याच पाठीमागे लपवला.

"डॉक्टरला तरी सांगायचं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"काय सांगायचं? तो म्हणाला असता, चौघांनी मिळून उचला. चौघं कुठून आणायचे?" त्यानं मान वळवून पोरीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण ती मागे सरकली होती. "आणि ही एवढीशी होती. हिला खरं सांगितलं असतं तर हिनं पुन्हा हात लावला नसता. मग मी असाच. ओरडून टाकायचो. बरं वाटायचं. ती पण हसायची."

रस्त्यावर कुणी तरी दुकानाचं शटर खाली ओढलं. ओलं अंथरूण तसंच होतं आणि तो तसाच, सकाळपासूनच्या कुशीवर.

"बाबा, मी... दुसऱ्या बाजूनं धरू?" पोरीनं विचारलं. तिला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"नको," वहिनी म्हणाली. तिनं हातातली चादर आत्याच्या हातात दिली. "कुणी हात लावू नका. मी येते."

"आई, कुठे?"

"माणसं आणते."

दारात ती थांबली. पाठ वळवूनच म्हणाली, "आणि उद्या तो नर्सिंगचा अर्ज भरायचा नाही."

ड्रायव्हरची बायको तेव्हा बोलत उभी होती ते जिन्याचं वळण तिनं ओलांडलं. इतक्या वर्षांत ती वरच्या मजल्यावर गेली नव्हती. ड्रायव्हरच्या दाराला नवा रंग होता, पुसट बोटांचे डाग पडलेला. आतून ताटल्यांचा आवाज येत होता. तिनं हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला आणि वाजवलं.

दार ड्रायव्हरच्या बायकोनं उघडलं. केस पिकले होते तिचे. वहिनीला बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं?" ती हळूच म्हणाली. "गेले का?"

"नाही. आहेत. उचलायचंय त्यांना."

"आत्ता?" बायकोनं मागे वळून पाहिलं. "जेवायला बसलेत हो ते. आत्ताच ड्युटीवरून आलेत."

"जेवू दे."

"आणि त्यांची पाठ... तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "एकट्यांना नाही उचलायचं. चौघं मिळून उचलायचं. आज आणि उद्या पण." तिनं दाराची चौकट धरली. "पुढच्या महिन्यापर्यंत रोज. मग पोरगी गेली तर त्यानंतर पण."

बायको तिच्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. आतून ड्रायव्हरचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"खालच्या वहिनी," बायको म्हणाली. "जेवा तुम्ही."

दार तिनं पूर्ण लावलं नाही, थोडं उघडं ठेवलं. वहिनी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली. आत तो जेवत होता, सावकाश, दिवसभर गाडी चालवून आलेला माणूस जेवतो तसा. मध्येच त्यानं पाणी मागितलं. मग पुन्हा ताटात चमचा वाजू लागला.

खालून आत्याचा आवाज आला, "वहिनी, येतेस ना?"

"आले," ती म्हणाली, पण उठली नाही.